लस घेतल्यानंतर मृत्यू झाला, तर कारण कोण आणि कसं ठरवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"काकांनी लस घेतली आणि तिसऱ्या दिवशी गेले." २०२१ मध्ये हे वाक्य कोणी ऐकलं नाही असं घर सापडणं कठीण. या वाक्यातलं सगळं काम 'आणि' हा एक शब्द करतो. तो 'म्हणून'च्या जागी आलाय की नुसता 'त्यानंतर'च्या, हे ठरवणारी एक यंत्रणा आपल्याकडे आहे. तिला आरोग्य खात्यात सगळे 'एईएफआय' म्हणतात, म्हणजे लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना. तिच्याविषयी लोक मला जे विचारतात, ते खाली आहे. काही प्रश्न रागाने विचारलेले आहेत, तेही तसेच ठेवलेत.

लसीनंतरचा मृत्यू सरकारने नोंदवला, म्हणजे तो लसीमुळे झाला हे मान्य केलं ना?

नाही. नोंद फक्त क्रमाची असते: आधी लस, मग मृत्यू. कारण माहीत नसतानाच नोंद करायची असते, तिचा हेतूच तो. नर्सने आधी "हा लसीमुळे वाटत नाही" असं मनाशी ठरवून कागद भरलाच नाही, तर खरा दुष्परिणाम कधीच पकडला जाणार नाही. म्हणून जाळं मोठं टाकतात, त्यात काय आलं ते नंतर निवडतात.

उलट ज्या जिल्ह्यातून वर्षानुवर्षं एकही नोंद येत नाही, तिथे सगळं छान चाललंय असं समजू नये. तिथे बहुधा कोणी लिहीत नसतं.

कोणती घटना 'गंभीर' धरतात?

मृत्यू, रुग्णालयात दाखल करावं लागणं, कायमचं अपंगत्व, जन्मजात दोष, एकाच ठिकाणी अनेकांना त्रास होणं, आणि गावात किंवा पालकांत अस्वस्थता पसरणं. शेवटचा निकष मला आवडतो. लोक घाबरलेत एवढं कारणही चौकशीला पुरतं.

कळवायचं कोणाला? आणि पुढे तो कागद जातो कुठे?

आशाताई, एएनएम (उपकेंद्रातली नर्स), प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी किंवा ज्या खासगी डॉक्टरांकडे रुग्ण गेला ते, यांपैकी कोणालाही कळवा. तिथून निरोप जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे जातो. आपल्याकडच्या जिल्हा परिषदांत 'डीआरसीएचओ साहेब' (माता-बाल आरोग्याचे जिल्हा अधिकारी) म्हणतात, बहुधा तेच. पहिला फॉर्म ४८ तासांत राज्याकडे आणि दिल्लीला पोचायला हवा, प्राथमिक चौकशीचा दहा दिवसांत, अंतिम चौकशीचा ७० दिवसांत. त्यानंतर राज्याची तज्ज्ञ समिती कारणमीमांसा करते, म्हणजे एकूण १०० दिवसांच्या आसपास निष्कर्ष निघायला हवा. काही प्रकरणं राष्ट्रीय समितीपुढे पुन्हा तपासली जातात.

कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात शवविच्छेदनाचा अंतिम अहवाल किंवा रासायनिक विश्लेषण महिनोन्महिने अडकतं, आणि १०० दिवसांचं वेळापत्रक तिथेच कोलमडतं.

पहिल्या दोन दिवसांत नेमकं काय करतात?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. समितीच्या बैठकीत बसलेले बालरोगतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ कितीही हुशार असले, तरी त्यांच्यापुढे येतो तो कागद. त्या कागदात काय असणार हे पहिल्या दोन दिवसांत ठरून गेलेलं असतं.

एक साधं सत्र डोळ्यांपुढे आणा. अंगणवाडीची खोली, टेबलावर निळा व्हॅक्सिन कॅरिअर, आत आइसपॅक. सिस्टर एमआरची, म्हणजे गोवर-रुबेला लसीची, कुपी काढतात. ती पावडर असते, तिच्यासोबत आलेल्या द्रावकातच ती कालवायची. कुपीवर पेनने वेळ लिहायची, कारण कालवल्यावर ती चार तासांतच वापरायची असते. कुपीच्या झाकणावर वर्तुळात छोटा चौकोन असतो, तो उष्णतेने गडद होत जातो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाच्या रंगाचा झाला की कुपी बाद. मूल रडतं, आई पदराने डोळे पुसते, अर्धा तास थांबा असं सांगितलं तरी घरी चूल वाट बघत असते.

आता समजा त्यातलं एक मूल रात्री दगावलं. सकाळी वैद्यकीय अधिकारी पोचतात तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारायचं ते हे: ती कुपी कुठे आहे? कालवलेल्या कुप्या सत्रानंतर ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर, मोडीत न काढता ठेवायच्या असतात, त्या याच दिवसासाठी. मग: त्याच कुपीतून अजून किती जणांना दिली, ती मुलं आत्ता कशी आहेत? त्यांच्या घरी जाऊन बघायचं, फोनवर विचारून भागत नाही. आयएलआरमध्ये, म्हणजे लसीच्या फ्रिजमध्ये, अजून काय काय ठेवलंय? तापमानाची वही २ ते ८ अंशांच्या आत आहे का, आणि ती वही रोजच्या रोज भरलीय की आज सकाळी एकाच पेनने एकटाकी महिनाभराची? अनुभवी अधिकारी शाई बघूनच ओळखतात.

त्याच बॅचच्या न उघडलेल्या कुप्या औषध निरीक्षकामार्फत सीलबंद करून, थंडाव्यातच, हिमाचलमधल्या कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जातात. सिरिंज आणि सुया कोलकात्याला. वाटेत बर्फ वितळला तर नमुना गेला, आणि त्याबरोबर उत्तरही.

शवविच्छेदन करावंच लागतं का? घरचे नको म्हणतात.

सक्ती नसते, पण आग्रह असतो, आणि असायलाच हवा. तान्ह्या बाळाचं शवविच्छेदन हा शब्दसुद्धा घरच्यांना सहन होत नाही, हे समजण्यासारखं आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्या: छातीत दूध अडकलं होतं का, न्यूमोनिया होता का, हृदयात जन्मतः दोष होता का, मेंदूत रक्तस्राव होता का, या प्रश्नांना दुसरा कुठलाही मार्ग नाही. तीव्र ॲलर्जीने, म्हणजे ॲनाफायलॅक्सिसने मृत्यू झाला असेल तर शवात कधीकधी काहीच ठळक दिसत नाही. तेव्हा शेजारणीने पाहिलेली अंगावरची गांध, सुजलेले ओठ, घरघर, हीच साक्ष उरते.

घरचे नाहीच म्हणाले, तर ठरलेल्या प्रश्नावलीने कुटुंबाची सविस्तर मुलाखत घेतात. तिला मौखिक शवविच्छेदन म्हणतात. शवविच्छेदनाच्या मानाने तिचा पुरावा कच्चा, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

एक तांत्रिक गोष्ट, जी लहान रुग्णालयांत नेमकी चुकते: सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे अवयवांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे, आणि विषाच्या तपासणीसाठीचा व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात. सगळंच मिठाच्या बरणीत गेलं की पेशींची तपासणी संपली. "व्हिसेरा राखून ठेवला आहे" हे वाक्य बातमीत वाचून आपल्याला वाटतं काम चालू आहे. कशात राखून ठेवला, हे विचारायला हवं.

मग समिती कारण ठरवते कशावरून?

जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत वापरतात. आधी निदान पक्कं करायचं. 'अचानक मृत्यू' हे निदान नाही. मग प्रश्नांची यादी: या निदानाला लसीशिवाय दुसरं ठोस कारण आहे का? ही लस असा आजार घडवू शकते याचा आधीचा पुरावा आहे का? लस देताना चूक झाली का? आणि वेळ जुळते का?

वेळेवर थोडं थांबू, कारण सामान्य माणूस इथेच सगळ्यात जास्त फसतो. प्रत्येक दुष्परिणामाची आपली घटका असते. भीतीने चक्कर येणं हे सुई टोचण्याच्या आसपासच. ॲनाफायलॅक्सिस मिनिटांत, फार तर काही तासांत. दूषित कुपीमुळे होणारा विषारी धक्का काही तासांपासून एकदोन दिवसांत, जुलाब-उलट्या-ताप घेऊन. अ‍ॅस्ट्राझेनेका प्रकारच्या लसीनंतरच्या रक्ताच्या दुर्मीळ गुठळ्या साधारण चौथ्या दिवसापासून महिन्याभरात. म्हणून 'लगेच झालं म्हणजे लसीमुळेच' हे चूक, आणि 'तीन आठवडे झाले म्हणजे लसीचा संबंधच नाही' हेही चूक.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. त्रास झालेले सगळे एकाच कुपीतले असतील तर कुपी दूषित झाल्याचा संशय. एकाच केंद्रावरचे, पण वेगवेगळ्या कुप्यांतले असतील तर देण्याच्या पद्धतीतली चूक. चार जिल्ह्यांत पसरलेले पण बॅच एकच, तर कारखाना. काहीच आकृती दिसत नसेल, तर एक तर लसीचा अंगभूत, दुर्मीळ परिणाम, नाहीतर लसीबाहेरचं कारण.

शेवटी प्रकरण चारांपैकी एका कप्प्यात जातं. 'अ' म्हणजे लसीशी किंवा लसीकरणाशी संबंध सुसंगत: लसीचा परिणाम, लसीच्या दर्जातला दोष, देण्यातली चूक, किंवा भीती-ताणाने झालेली प्रतिक्रिया. 'ब' म्हणजे अनिश्चित. 'क' म्हणजे लसीबाहेरचं कारण, सरकारी भाषेत 'योगायोग'. 'ड' म्हणजे माहितीच अपुरी, म्हणून वर्गीकरण अशक्य.

'योगायोग' म्हणणं म्हणजे हात झटकणं नव्हे का?

शब्द वाईटच आहे, हे आधी कबूल. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, त्यांना सरकारी पत्रात 'योगायोग' वाचून काय वाटत असेल! आपल्याकडे 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण आहे. तिच्यातही फांदी आधीच किडलेली होती, हे सांगायचं राहून जातं. 'क' वर्गाचा खरा अर्थ तोच आहे: दुसरं कारण सापडलं. ते कारण अहवालात नावानिशी लिहिलेलं नसेल, तर मात्र तुमचा राग रास्त आहे.

पण असे प्रसंग किती घडणारच, याचा हिशेब करून बघा. धरून चालू की साठीपुढच्या १० लाख लोकांना एका दिवशी लस दिली, आणि त्या वयात वर्षाला शंभरातले चार जण जातात. म्हणजे लस नसतीच तरी वर्षात ४० हजार, दिवसाला ११० च्या आसपास, आठवड्यात साडेसातशेहून जास्त. हे सगळे 'लस घेतली आणि आठवड्यात गेले' असेच नोंदले जाणार. शोधायचं असतं ते त्यापेक्षा जास्त किती गेले.

बाळांचंही असंच. पाच आजारांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. आणि झोपेत, काहीही कारण न सापडता होणारे अर्भकमृत्यू सर्वांत जास्त होतात ते दोन ते चार महिन्यांच्या वयात. दोन्ही तारखा एकमेकींवर येऊन पडतात. म्हणून नुसती मोजदाद पुरत नाही, लस घेतल्यानंतरच्या काही दिवसांत आणि त्याच बाळांच्या इतर दिवसांत फरक आहे का, असं तोलून पाहावं लागतं.

अमेरिकेत १९७६ मध्ये स्वाइन फ्लूची लस दिली जात होती. पिट्सबर्गमध्ये एकाच केंद्रावर लस घेतलेले तीन वृद्ध एकाच दिवशी गेले. खळबळ उडाली, काही राज्यांनी मोहीम थांबवली. तिघांनाही हृदयविकार होता, लसीचा संबंध सापडला नाही. आणि त्याच मोहिमेत थोड्या आठवड्यांनी खरा धोका दुसरीकडेच दिसला: गियाँ-बारे नावाचा लकवा, साधारण एक लाख लसधारकांत एक जादा रुग्ण. डिसेंबरमध्ये मोहीम बंद झाली. जिथे ओरड झाली तिथे काही निघालं नाही, आणि जे निघालं ते आकडे शांतपणे मांडणाऱ्यांना दिसलं.

'वर्गीकरण अशक्य' म्हणजे लस निर्दोष ठरली का?

अजिबात नाही. तो निकाल लसीवर नाही, फाइलवर आहे. शवविच्छेदन झालं नाही, केसपेपर मिळाला नाही, रुग्णालयाने ईसीजी दिला नाही. 'ड' वर्गातलं प्रकरण नवी माहिती आली तर पुन्हा उघडता येतं. कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. ज्या राज्याच्या यादीत 'ड' भरपूर, त्या राज्याच्या पहिल्या दोन दिवसांच्या कामाची चौकशी व्हायला हवी, असं मला वाटतं. कोणी करत नाही.

कोविड लसीमुळे मृत्यू झाल्याचं भारताने कधी मान्य केलं का?

हो. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीने तपासलेल्या ३१ गंभीर प्रकरणांचा अहवाल बाहेर आला. त्यातली १८ योगायोगाची, ७ अनिश्चित, ३ लसीच्या परिणामाची, १ भीती-ताणाची आणि २ वर्गीकरण न होण्याजोगी ठरली. लसीच्या परिणामाची तिन्ही ॲनाफायलॅक्सिसची होती. दोघे बरे झाले, मार्चमध्ये लस घेतलेले ६८ वर्षांचे गृहस्थ गेले.

लसीनंतर अर्धा तास थांबवतात ते या एका कारणासाठी. सत्राच्या पेटीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन असतं, आणि ते मिनिटांत दिलं तर माणूस वाचतो. खुर्चीवर बसून मोबाइल बघण्यातला तो अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटतो खरा.

गुठळ्यांबद्दल आधी 'संबंध नाही' म्हणाले, नंतर 'आहे' म्हणाले. मग विश्वास कशावर ठेवायचा?

मार्च २०२१ मध्ये डेन्मार्कने अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस थांबवली. सगळ्या प्रकारच्या गुठळ्या एकत्र मोजल्या तर संख्या नेहमीइतकीच दिसत होती, त्यामुळे सुरुवातीला 'वाढ नाही' हे उत्तर आलं. डॉक्टरांच्या नजरेत खुपलं ते वेगळंच: गुठळ्या आहेत आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी आहेत. हे दोन एकत्र सहसा येत नाहीत. हा वेगळा आजार म्हणून मोजायला घेतल्यावर चित्र बदललं. ७ एप्रिलला युरोपीय औषध संस्थेने तो अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला.

भारतात तीच लस कोविशील्ड या नावाने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनत होती. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीने ४९८ गंभीर आणि तीव्र प्रकरणं तपासून २६ संभाव्य गुठळ्यांची नोंद केली, दहा लाख डोसांमागे ०.६१. त्याच काळात ब्रिटन ४ आणि जर्मनी १० सांगत होते. आपल्याकडे खरंच कमी होतं, की आपण कमी पकडलं? दोन्ही थोडं थोडं असावं. तालुक्याच्या गावी डोकं दुखतंय म्हणून आलेल्या बाईचा एमआरआय आणि प्लेटलेट दोन्ही कोण करणार?

'ब' हा अनिश्चितांचा कप्पा याचसाठी असतो. वेळ जुळते, पण आधीचा पुरावा नाही, अशी प्रकरणं तिथे साठवतात, आणि पुरेशी जमली की नवा दुष्परिणाम ओळखू येतो.

नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांचं काय झालं होतं?

जानेवारी २०२१ मध्ये तिथे फायझरची लस घेतलेले अतिवृद्ध, जर्जर रहिवासी गेल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या वृद्धाश्रमांत एरवीही आठवड्याला सरासरी ४०० जण जातात. एवढं सांगून विषय मिटवता आला असता. त्यांनी मिटवला नाही. पहिल्या १०० मृत्यूंची प्रत्येक फाइल तज्ज्ञांनी वाचली: १० मध्ये लसीचा संबंध संभवनीय, २६ मध्ये शक्य, ५९ मध्ये असंभवनीय, ५ ठरवता न आलेले. म्हणजे साधा ताप, मळमळ, जी तरुणाला एक दिवस झोपवते, ती दिव्यातलं तेल संपत आलेल्या माणसाला पुरेशी ठरली असावी. अशा व्यक्तीला लस द्यावी का, हे डॉक्टरांनी एकेकाचा विचार करून ठरवावं, असा सल्ला तिथे दिला गेला. मला हे उदाहरण आवडतं, कारण त्यात हो किंवा नाही असं एक उत्तर नाही.

चूक लसीची नसून देणाऱ्याची असेल तर?

मग तेही 'अ'मध्येच येतं, लोक समजतात तसं 'क'मध्ये नाही. यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात २०२१ च्या पल्स पोलिओत १२ मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. सुदैवाने सगळी बरी झाली. सामोआ बेटांवर ते सुदैव नव्हतं. जुलै २०१८ मध्ये तिथे दोन बाळं लस टोचताच मिनिटांत गेली. परिचारिकांनी लसीची पावडर पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणाऱ्या, भुलीच्या वेळच्या औषधात कालवली होती. दोघींना पाच वर्षांची शिक्षा झाली. पण कारण कळेपर्यंत लसीकरण थांबलं, लोकांचा विश्वास गेला, आणि २०१९ च्या अखेरीस गोवरात ८३ जण मेले, बहुतेक पाच वर्षांखालचे. फ्रिजमध्ये लसीखेरीज काहीही ठेवू नये, हा नियम कंटाळवाणा वाटतो. तो अशाच प्रसंगांसाठी आहे.

आणि या विषयातलं एक जुनं मोठं प्रकरण तर आपल्या परळशी जोडलेलं आहे. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस केली, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना ती दिली गेली. त्यातले १९ धनुर्वाताने मेले. सगळे १९ एकाच कुपीतले, कुपीचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या कुप्यांतल्या कोणाला काही झालं नाही. वर सांगितलेला नकाशा आठवा: उत्तर त्यातच होतं. तरी चौकशी आयोगाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर टाकला, हाफकिन निलंबित झाले. नंतर लक्षात आलं की कुपी उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा मातीत पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. उघडताना कुपीला घाण वासही नव्हता. जंतू मुंबईपासून आत वाढत आले असते तर वास सुटला असता. मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समधून आवाज उठवला, तेव्हा कुठे १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका गेला. परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये. १९०२ ते १९०७ अशी पाच वर्षं एका वासाची साक्ष कोणी मनावर घेतली नव्हती.

जिममध्ये, गरब्यात तरुण मुलं कोसळतात. ते कोविड लसीमुळे नाही का?

हे एकेका मृत्यूच्या चौकशीने कळण्यासारखं नाही, तुलनाच करावी लागते. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, धडधाकट असताना अचानक गेलेल्या ७२९ जणांची तुलना त्याच परिसरातल्या, त्याच वयाच्या २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली. अहवाल २०२३ चा. लस घेतल्याने धोका वाढल्याचं दिसलं नाही. वाढलेला दिसला तो कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात राहिलेल्यांत, घराण्यात असे मृत्यू असणाऱ्यांत, मृत्यूआधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू पिणाऱ्यांत, नशेचे पदार्थ घेणाऱ्यांत आणि अतिश्रमाचा व्यायाम करणाऱ्यांत. फायझर, मॉडर्नासारख्या एमआरएनए लसींनंतर तरुण मुलांत हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा दुर्मीळ परिणाम खरा आहे, पण त्या लसी आपल्याकडच्या मुख्य मोहिमेत नव्हत्या.

एचपीव्ही लसीने आंध्र-गुजरातमध्ये मुली गेल्या होत्या ना?

एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस. तिच्या खम्मम आणि वडोदरा इथल्या प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू नोंदले गेले, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत एक खाणीत बुडून, एक सर्पदंशाने, दोघी कीटकनाशक पिऊन, एक मलेरियाने गेल्याचं आढळलं. उरलेल्या दोघींची कारणं तेवढी स्पष्ट नव्हती. लसीशी संबंध जोडला गेला नाही. पण २०१३ मध्ये संसदीय समितीने संमती कशी घेतली गेली यावर कडक ताशेरे ओढले. वसतिगृहातल्या मुलींच्या वतीने भलत्याच कोणी सही करणं हा गुन्हा लस निर्दोष ठरल्याने धुतला जात नाही. दोन प्रश्न होते, लोकांनी त्यांचा एकच करून टाकला, दोन्ही बाजूंच्या लोकांनी.

समिती सरकारने नेमलेली. ती सरकारच्या विरोधात कशी जाईल?

शंका योग्य आहे. सदस्य बाहेरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले असले तरी नेमणूक मंत्रालयाची. वर्गीकरणावरही टीका झाली आहे. दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांचा आक्षेप असा की, आधीचा पुरावा असल्याशिवाय मृत्यू 'अ'मध्ये जाऊच शकत नाही, मग नव्या लसीबाबत तो पुरावा जमणार कसा? 'ब' हे त्यावरचं उत्तर आहे, पण 'ब'मधल्या प्रकरणांचा पाठपुरावा खरोखर होतो का, हे बाहेरच्याला दिसत नाही.

त्यांच्याच याचिकेवर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणालाही लसीची बळजबरी करता येणार नाही, आणि नागरिक व खासगी डॉक्टर यांना प्रतिकूल घटना थेट नोंदवता येईल, लोकांना पाहता येईल अशी व्यवस्था करा. मंत्रालय निष्कर्षांचे तक्ते प्रसिद्ध करतं. त्यात निदान आणि वर्ग असतो, त्या निर्णयापर्यंत कसं पोचलो हे नसतं. नाव झाकून चार ओळी कारण लिहिलं, तर निम्मे वाद मिटतील.

अमेरिकेच्या 'व्हेअर्स'मध्ये हजारो मृत्यू आहेत, तो आकडा खोटा का?

खोटा नाही, कच्चा आहे. व्हेअर्स ही लसीनंतरच्या त्रासांची अमेरिकी सरकारची नोंदवही. १९९० पासूनच्या त्या नोंदवहीत कोणीही लिहू शकतं, आणि कोविड लसीनंतरचा प्रत्येक मृत्यू, कारण काहीही असो, कळवणं लस देणाऱ्यांना बंधनकारक होतं. पण हीच नोंदवही १९९९ मध्ये कामाला आली: रोटाव्हायरसच्या पहिल्या लसीनंतर आतड्यात आतडं अडकल्याच्या १५ नोंदी दिसल्या, आणि वर्षभरापूर्वीच बाजारात आलेली ती लस मागे घेतली गेली.

लसीमुळे मृत्यू झाल्याचं ठरलं, तर भरपाई?

अमेरिकेत त्यासाठी १९८६ चा कायदा आहे, ब्रिटनमध्ये १९७९ पासून एकरकमी मदत मिळते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की लस ऐच्छिक होती, सरकारवर दायित्व येत नाही, दिवाणी दावा लावता येईल. लोकलला बसायला दोन डोसांचं प्रमाणपत्र मागितलं जात होतं ते दिवस आठवले की 'ऐच्छिक' हा शब्द घशात अडकतो. ज्याने सगळ्यांच्या भल्यासाठी टोचून घेतलं आणि लाखातला तो एक ठरला, त्याच्या घरच्यांना वकील शोधायला लावणं मला पटत नाही.

घरात असं घडलं, तर आम्ही काय जपून ठेवायचं?

लसीकरण कार्ड किंवा प्रमाणपत्र, त्यावरचा बॅच क्रमांक, लसीची आणि पहिलं लक्षण दिसल्याची घड्याळी वेळ (अंदाजे नको, आठवतेय तोवर लिहून काढा), रुग्णालयाचे सगळे कागद, आधीच्या आजारांचे आणि चालू गोळ्यांचे कागदसुद्धा, मग ते गैरसोयीचे वाटले तरी. अंगावर काही उठलं असेल तर फोटो. जिल्ह्याकडे नोंद झाली की तिचा क्रमांक मागून घ्या, पुढची सगळी विचारपूस त्याच क्रमांकावर चालते.

चौकशीला आलेले लोक बाळाचं कार्ड घेऊन गेले. परत मिळतं का?

मिळायला हवं, पण फायलीत अडकलं की अडकलं. देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आणि कोणी नेलं त्याचं नाव मागे लिहून ठेवा.